परिसर महोत्सव बंद करावा का? आधी स्टेज काढून बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातच तुमच्या भागात सात सोसायट्या, त्यांच्या मागच्या भिंतीला लागून वस्ती, पलीकडे मशिदीची गल्ली, मुख्य रस्त्यावर एक जुनी चाळ आणि सगळीकडे विखुरलेली भाड्यानं राहणारी आयटीतली नि कॉलेजची मुलं. दोन वर्षं तुम्ही 'परिसर महोत्सव' केलात, खर्च दीड लाखाच्या घरात, आणि दोन्ही वेळा आले ते तुमच्याच सोसायट्यांतले लोक. दुसरीकडे तुंबणाऱ्या ड्रेनेजबद्दल आणि गायब झालेल्या फुटपाथबद्दल १४० सह्यांचं निवेदन दिलंत, त्याला आठ महिने झाले, काही हललं नाही. आता कमिटीतले म्हणतायत की लोकांनाच नको असेल तर आपण कशाला मरायचं, बंद करा. तर बंद करावं का?

बंद नका करू. पण जे चाललंय ते तसंच चालूही ठेवू नका.

मी अठरा वर्षं हेच करतेय, आधी एका संस्थेत पगारावर आणि आता नागरिक मंचात घरचं खाऊन. वस्तीत मला ताई म्हणतात, सोसायटीत मॅडम म्हणतात आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात "आल्या परत" म्हणतात. आमचा भागही तुमच्यासारखाच सरमिसळीचा आहे, नाव घेत नाही कारण पुढे जे सांगणारे त्यात आमच्याच चुका जास्त आहेत.

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, लोक येत नाहीत ही एक आणि महापालिका ऐकत नाही ही दुसरी. मला वाचताना ती एकच वाटली. १४० सह्या कुणाच्या होत्या? तुम्हीच लिहिलंय, तीन सोसायट्यांच्या. महोत्सवाला कोण आलं? तेच. कार्यालयातला माणूस पहिल्या पानावरचे पत्ते बघतो आणि त्याला कळतं की हे तीन बिल्डिंगांचं म्हणणं आहे, आणि त्याच्या टेबलावर अशा तीन बिल्डिंगांची पन्नास निवेदनं पडलेली असतात. त्यातून वस्तीचं म्हणणं नेमकं उलटं असेल, आणि बऱ्याचदा असतंच, तर तो काहीच न करणं पसंत करतो. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

आता काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून सांगता येणार नाहीत, तुम्हीच तपासा. भाग महापालिकेत आहे की कॅन्टोन्मेंटमध्ये, कारण तिथे बोर्ड वेगळं, कायदा वेगळा. महापालिकेत असेल तर जुन्या हद्दीत की २०१७ ला आलेल्या ११ आणि २०२१ ला आलेल्या २३ गावांपैकी एखाद्यात, कारण त्या गावांत अजून ड्रेनेजच्या लाइनीच धड नसलेल्या जागा आहेत आणि तिथे 'दुरुस्ती करा' म्हणून काही होत नाही, मुळात लाइनच मागावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या रस्त्याबद्दल तुम्ही भांडताय तो महापालिकेच्या ताब्यात आहे का? लेआउटमधला रस्ता बिल्डरनं कधी हस्तांतरच केलेला नसेल तर महापालिका त्यावर पैसा घालत नाही, आणि हे तुम्हाला कुणी तोंडावर सांगतही नाही, नुसतं बघतो-बघतो करत राहतात. आमच्या एका गल्लीची अशी पाच वर्षं गेली.

आता कार्यक्रमाकडे येते.

आमचा पहिला कार्यक्रम संक्रांतीचा होता, जाहीर हळदीकुंकू. आम्हाला वाटलं बायकांचा कार्यक्रम, सगळ्यांना चालतो. पत्रिका वस्तीतसुद्धा वाटल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरी काम करणाऱ्या एक मावशी नातीला घेऊन आल्या, नातीला पुढे पाठवलं आणि स्वतः दारातल्या चपलांच्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आत चला ना. तर म्हणाल्या, "तुम्ही जा ताई, मी चपला बघते." मला वाटलं लाजतायत. दोन तास त्या चपला बघत उभ्या होत्या. रात्री घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगं तिचा नवरा जाऊन वर्ष नाही झालं, तिला कुठे बोलावलंस तू. आणि मशिदीच्या गल्लीतली तर एकही बाई आली नव्हती, त्यांनी पत्रिका वाचून ठरवलं होतं की हे आपलं नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं. आम्ही कुणालाही नको म्हटलं नव्हतं. तरी अर्धा भाग दाराबाहेर राहिला.

दुसरी चूक याहून वाईट. पुढच्या वर्षी आम्ही फूड स्टॉलवाला महोत्सव केला, तुमच्यासारखाच. परवानगीच्या पत्रात मी स्वतः, माझ्या हातानं, टाइप केलं की 'कार्यक्रमापूर्वी परिसर स्वच्छ व मोकळा करून मिळावा.' मला म्हणायचं होतं की झाडून घ्या. शुक्रवारी दुपारी अतिक्रमणची गाडी आली आणि कोपऱ्यावरच्या भजीवाल्या मामांची हातगाडी उचलून नेली, शेजारच्या चप्पल शिवणाऱ्याची पेटीपण. शनिवारी आम्ही तिथेच, त्याच जागेवर, ऐंशी रुपयाला प्लेट असे भजीचे स्टॉल लावले. मामांना दंड भरून गाडी सोडवायला सोमवार उजाडला. मी जाऊन माफी मागितली तर ते म्हणाले, "तुमचा कार्यक्रम होता ना, मग बरोबर आहे." हे 'बरोबर आहे' आम्हाला फार वर्षं पुरलं. तेव्हापासून आमचा एक नियम आहे, जागा ठरवायची तर तिथे रोज उभं राहणाऱ्या माणसाला आधी विचारायचं, पत्र नंतर.

यातून मला जे कळलं ते असं की लोकांना पाहुणे म्हणून बोलावलं तर ते पाहुण्यासारखेच वागतात, म्हणजे येत नाहीत, किंवा येऊन कडेला उभे राहतात. स्टेज, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पुढच्या दोन रांगा राखीव, हे सगळं बघितलं की माणसाला आपली जागा कुठे ते समजतं. त्यामुळे तुम्ही 'वस्तीतल्यांना कसं आणायचं' विचारता तेव्हा मी उलट विचारेन, तुमच्या कार्यक्रमात अशी कुठली गोष्ट आहे जी तुमच्यापेक्षा त्यांना चांगली येते?

आमच्याकडे याचं उत्तर अगदी योगायोगानं सापडलं. मे महिन्यात कमिटीच्या मीटिंगला कुणीतरी कुरकुर करत होतं की कुकरची रिंग बदलायची, मिक्सर जळलाय, छत्रीची काडी मोडलीय, पावसाळा आला तोंडावर आणि दुरुस्तीवाले मिळत नाहीत. मिळत नाहीत कसे, पन्नास पावलांवर भिंतीच्या पलीकडे राहतात! फिटर आहेत, शिलाईवाल्या आहेत, छत्र्यावाले आहेत, सायकलचं पंक्चर काढणारा आहे, मशिदीच्या गल्लीत गाद्या पिंजणारे नि कुकर-मिक्सरवाले दोघं भाऊ आहेत. मग आम्ही मेच्या शेवटच्या रविवारी 'दुरुस्ती जत्रा' केली. महापालिकेच्या शाळेचं पटांगण, तेरा टेबलं, माइक नाही, स्टेज नाही, उद्घाटन नाही. दुरुस्ती फुकट नाही, हे नीट लक्षात घ्या, नेहमीच्या रेटनं पैसे द्यायचे. फुकट म्हटलं की तो त्यांचा उपकार होतो किंवा तुमचा, आणि दोन्ही नको. सोसायटीतले लोक पिशव्या भरभरून मोडक्या वस्तू घेऊन रांगेत उभे, आणि टेबलामागे खुर्चीवर बसलेले वस्तीतले लोक, पहिल्यांदाच उलटं चित्र. मिक्सर उघडल्यावर तासभर थांबावंच लागतं, आणि थांबलं की माणसं बोलतात. खर्च झाला अकरा हजार, त्यातले निम्मे चहाचे.

वेळेबद्दल दोन गोष्टी, कारण यातच बहुतेक कार्यक्रम मरतात. आमच्या वस्तीत पाणी पहाटे यायचं आणि संध्याकाळी पुन्हा तासभर, त्या तासात बाई घराबाहेर पडत नाही, तुम्ही काहीही ठेवा. तुमच्याकडे पाण्याची वेळ काय ते विचारा आणि ती टाळा. वॉचमन बारा-बारा तासांच्या ड्युटीवर असतात, आठ ते आठ, त्यातले बरेच नेपाळचे किंवा मराठवाड्यातले, त्यांना यायला मिळावं म्हणून आम्ही सकाळी साडेसातला सुरू करतो, म्हणजे रात्रपाळी सुटणारे येतात आणि दिवसपाळीचे जाता जाता डोकावतात. शुक्रवारची दुपार नको, रमजानमध्ये नको, दहावी-बारावीच्या परीक्षेत तर मुळीच नको. भाडेकरू मुलं रविवारी अकराच्या आधी उठत नाहीत, त्यांच्यासाठी एक टेबल लॅपटॉप-मोबाइलवाल्याचं ठेवा आणि ते सगळ्यात उशिरापर्यंत चालू ठेवा. निरोप मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून पाठवाच पण खरा निरोप आवाजातला, आमच्याकडे चाळीतल्या एक कानडी आजी व्हॉट्सअपवर कानडीतून निरोप बोलतात, त्या ऐकून जेवढे लोक येतात तेवढे आमच्या छापील पत्रिकेनं कधी आले नाहीत.

खाण्याचं विचाराल तर सामायिक स्वयंपाक करू नका. शाकाहारी-मांसाहारी, उपवास, हलाल, कांदा-लसूण, कुणाचं भांडं कुणाला, यात तुमची कमिटी फुटेल आणि कारण कुणी खरं सांगणार नाही. चहा आणि पाव पुरतं. भूक लागली तर भजीवाले मामा आहेतच, आता त्यांची गाडी पटांगणाच्या फाटकाशी असते आणि ते आमच्या कमिटीतही आहेत.

आता नकाशा. हा भाग जरा सविस्तर सांगते कारण कार्यक्रम आणि महापालिकेचं काम जोडलं जातं ते इथे.

दुसऱ्या वर्षी आम्ही गूगलवरून आमच्या भागाचा नकाशा काढला, झेरॉक्सवाल्याकडून भिंतीएवढा प्रिंट करून घेतला आणि चहाच्या टेबलामागे लावला. शेजारी टिकल्यांची पाकिटं. पाणी तुंबतं तिथे लाल टिकली, रात्री अंधार असतो तिथे काळी, रस्ता ओलांडताना भीती वाटते तिथे हिरवी. कुणाचं नाव नाही, सही नाही, भाषण नाही, टिकली काढायची आणि चिकटवायची. ज्यांना निवेदनावर सही करायला भीती वाटते, आणि वस्तीत पुष्कळांना वाटते कारण सही म्हणजे पुढे घर तोडायला यादीत नाव असंच त्यांनी पाहिलंय, ते टिकली बिनधास्त लावतात. लहान मुलांनी तर आमच्या बिल्डिंगवर दोन-चार उगाच लावल्या, चालायचंच.

दुपारी बघतो तर लाल टिकल्यांची एक सरळ रेघ. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून सुरू होऊन वस्तीतून खाली, शाळेच्या कोपऱ्यापर्यंत. आम्ही वर्षभर ओरडत होतो की वस्तीत कचरा टाकतात म्हणून चेंबर तुंबतं. नकाशापुढे कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या एक ताई उभ्या होत्या, त्या रोज पहाटे त्याच बोळातून जातात. त्या म्हणाल्या, "पाऊस नसला तरी सकाळी सात ते नऊ हे चेंबर वर येतं. तुमच्या आंघोळीच्या टायमाला." सगळे गप्प. पुढच्या आठवड्यात प्लंबर घेऊन झाकणं उघडली तर आमच्या दोन विंगांची मागची लाइन ड्रेनेजला जोडलेलीच नव्हती, बिल्डरनं ती सरळ पावसाळी गटारात सोडली होती. म्हणजे ज्या घाणीबद्दल आम्ही निवेदनं देत होतो ती आमचीच होती.

यावर सोसायटीची जी सभा झाली ती मी विसरणार नाही. एक काका म्हणाले हे बाहेर सांगायची काय गरज आहे. दुसरे म्हणाले बिल्डरला पकडा. बिल्डर कुठला सापडायला. शेवटी फ्लॅटमागे साडेतीन हजार काढून, परवानाधारक प्लंबरकडून रीतसर कनेक्शन घेऊन लाइन बदलली. आणि मग, लाइन बदलल्यावर, आम्ही क्षेत्रीय कार्यालयात गेलो, आम्ही म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, वस्तीतल्या बचत गटाच्या दोघी, मशिदीच्या ट्रस्टचे एक चाचा आणि गणपती मंडळाचा एक मुलगा. सांगितलं, आमची चूक होती, आम्ही दुरुस्त केली, हे फोटो, हे बिल. आता खालची सहा इंची लाइन आहे ती बारा इंची करून हवीय. त्या टेबलावरच्या इंजिनिअरच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य अजून डोळ्यापुढे आहे, कारण त्यांच्याकडे स्वतःची चूक कबूल करत कुणी येतच नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीला आले. लगेच काम झालं असं समजू नका, दीड वर्ष लागलं, पण झालं.

तर इथवर सांगायचं एवढंच की कार्यक्रमातून आम्हाला तीन गोष्टी मिळाल्या: नेमकी जागा, खरं कारण, आणि एका दारातून आत जाणारी वेगवेगळ्या घरची चार-पाच माणसं. यातली एकही तुमच्या १४० सह्यांत नव्हती.

आता कागदोपत्री काय करायचं ते. हे कंटाळवाणं आहे पण याशिवाय नुसती दोस्ती होते, काम होत नाही.

एका पत्रात एकच विषय. ड्रेनेज आणि फुटपाथ एका निवेदनात घातलेत ना, तिथेच ते अडकलं असणार, कारण ड्रेनेज मलनिस्सारण विभागाकडे, रस्ता-फुटपाथ पथ विभागाकडे, दिवा विद्युत विभागाकडे, आणि दोन विभागांचं पत्र हे कुणाचंच पत्र नसतं. जागा सांगताना 'अमुक सोसायटीजवळ' लिहू नका, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहा, खांबावर रंगवलेला असतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन या, ती पोच जपा. पीएमसी केअरवर, म्हणजे महापालिकेच्या तक्रारींच्या ॲपवर, तक्रार जरूर टाका पण ती खड्डा, बंद दिवा, उचलला न गेलेला कचरा असल्या कामांना चांगली, लाइन बदलण्यासारख्या कामाला तिथे 'तक्रार निकाली' असा मेसेज येतो आणि काम तिथल्या तिथेच. १४० सह्यांच्या एका कागदाऐवजी दहा वेगवेगळ्या लेटरहेडवरची दहा पत्रं जास्त चालतात: सोसायटी, बचत गट, रिक्षा स्टँड, मंडळ, मशिदीचा ट्रस्ट, शाळेची व्यवस्थापन समिती, दुकानदार. मजकूर तोच चालेल, पण पत्ते वेगळे हवेत.

मग पैशाचं कॅलेंडर. महापालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. तुम्ही डिसेंबरात काम मागितलंत तर इंजिनिअर खोटं बोलत नाही, बजेट खरंच संपलेलं किंवा अडकलेलं असतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, त्यात पाच लाखांपर्यंतची छोटी कामं कुणीही नागरिक सुचवू शकतो, अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि मुदत कधी संपते ते कळतही नाही. म्हणून आमची जत्रा मेमध्ये, पावसाळ्यात टिकल्या खऱ्या की खोट्या ते बघायचं, फोटो काढायचे, आणि ऑगस्टला अर्ज तयार. फुटपाथचा तुकडा, दिवे, बाक, स्पीडब्रेकर असल्या गोष्टी यात बसतात. मोठी लाइन बसत नाही, त्याला विभागाची तरतूद लागते किंवा नगरसेवकाची 'स' यादी, म्हणजे त्यानं सुचवलेल्या कामांसाठी बजेटमध्ये ठेवलेले पैसे. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची कित्येक वर्षं प्रशासकच होते, तेव्हा 'स' यादीही नाही आणि विचारायला माणूसही नाही अशी अवस्था होती, त्या काळात आम्ही थेट सहायक आयुक्तांकडे जायची सवय लावून घेतली आणि ती अजून मोडलेली नाही. मोहल्ला कमिटीची, म्हणजे क्षेत्रीय कार्यालयात नागरिक आणि अधिकारी समोरासमोर बसतात ती, मीटिंग तुमच्याकडे होते का ते विचारा, होत असेल तर दर महिन्याला एकानं तरी जायचंच, नुसतं बसून आलं तरी चालेल, तोंड ओळखीचं होतं.

माहिती अधिकार लगेच काढू नका. लोकांना वाटतं दहा रुपयांचं तिकीट लावलं की अधिकारी घाबरतो. २००५ चा कायदा आहे, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, सगळं खरं, पण सुरुवातच तिथून केलीत तर तो माणूस पुढे तुमच्याशी फक्त कागदानं बोलतो. त्याआधी महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल बघायची सोय असते, अर्ज-फी काही नाही, आधी फोन करून खात्री करा आणि जाऊन फाइल उघडून बघा. आमच्या लाइनीचं इस्टिमेट झालेलं होतं, टेंडर निघालेलं होतं, वर्क ऑर्डर एका सहीसाठी थांबली होती, हे आम्हाला तिथे बसून कळलं. कुठे अडलंय ते कळलं की कुणाला भेटायचं ते कळतं. त्यानंतरही महिनाभर हललं नाही तर मग खुशाल अर्ज टाका, किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो, आहेच.

पाहणीला इंजिनिअर येतो त्या दिवशी पन्नास जण जमवू नका. चौघं पुरे, त्यात एक तरी बाई वस्तीतली, जिच्या दारात पाणी येतं ती. बोलायचं तिनं. आपण मध्ये मध्ये 'म्हणजे त्यांचं म्हणणं असंय की' करत भाषांतर करायचं नाही, ही सवय आम्हा सोसायटीवाल्यांना फार आहे, मलाही होती.

गणपती मंडळाबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय, डीजे, वर्गणी वगैरे. मी समजू शकते, पण पुण्यात मंडळाला वगळून परिसराचं काहीही होत नाही. मांडव त्यांचा, मुलं त्यांची, रात्री दोनला चेंबर तुंबलं तर धावणारी तीच. आमच्याकडच्या मुलांना सोसायटीवाले फक्त तक्रार करायला भेटायचे, शंभर नंबरला फोन करून. आम्ही जाऊन एवढंच म्हटलं की दहाचा नियम तुम्हालाही माहितीय, आम्हालाही माहितीय, शेवटचे काही दिवस बाराची सवलत मिळते ती मिळू दे, बाकीचे दिवस स्पीकरचं तोंड हॉस्पिटलकडून फिरवा. फिरवलं. आवाज थांबला का? नाही, पण फिरला. पुढच्या मेमध्ये टेबलं त्यांनीच उचलून आणली.

तुमच्या कार्यक्रमाच्या परवानग्या: रस्त्यावर करायचं असेल तर क्षेत्रीय कार्यालय, पोलीस स्टेशन आणि वाहतूक शाखा तिन्हीकडे फिरावं लागतं, म्हणून रस्ता टाळा, शाळेचं पटांगण किंवा सोसायटीची मोकळी जागा घ्या. स्पीकर लावणार असाल तर पोलीस परवाना लागतोच, लावूच नका. वर्गणी दारोदार गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्तांकडून ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, आम्ही ती भानगड नको म्हणून घरच्या घरी खर्च भागवतो.

आणि फ्लेक्स! फ्लेक्सवर माणसाचा फोटो नाही, एकाचाही नाही, हा नियम पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घ्या. बिल्डरनं पन्नास हजार देऊ केले तरी नाही. एक फोटो आला की दुसरा पक्ष येणार नाही, दोन आले की तिसरा, आणि मग फोटोंचा आकार कुणाचा मोठा यावर रात्रभर भांडण. कुठल्याही पक्षाचा माणूस आला तर चहा द्या, कुकर आणला असेल तर रांगेत उभं करा.

पहिला विषय कुठला घ्यायचा याबद्दल माझं मत पक्कं आहे. जो कमीत कमी तीन प्रकारच्या लोकांना दुखतो तोच. ड्रेनेज, दिवे, शाळेसमोरचं क्रॉसिंग. पार्किंग, पथारीवाले, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन), भोंगा आणि डीजे, हे विषय खोटे नाहीत पण पहिल्या दोन वर्षांत त्यांना हात लावू नका, एकमेकांचे फोन नंबर अजून फोनमध्ये सेव्ह झालेले नसतात. तुमचा फुटपाथही मला जरा तसाच वाटतो, कारण 'गायब' फुटपाथावर बहुतेक वेळा कुणाचं तरी पोट उभं असतं. आमचा फुटपाथ सहा वर्षं झाली अजून झालेला नाही. पथारीवाल्यांना परवाना असलेली जागा मिळेपर्यंत आम्ही तो रेटायचा नाही असं ठरवलं, सोसायटीतले निम्मे लोक यावर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या म्हाताऱ्या आईला रस्त्यातून चालावं लागतं.

कमिटी कोणाची करायची हेही तुम्ही विचारलं होतंत. निवडणूक नको, सोसायटीमागे एक प्रतिनिधी असलं गणित तर नकोच. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण घडी करतंय ते बघा आणि त्यांची नावं लिहून घ्या. आमच्या पहिल्या यादीत दोन रात्रपाळीचे वॉचमन, एक रिटायर्ड बँकवाले काका, कॉलेजची एक तेलुगू मुलगी आणि मंडळाचे तिघं होते. भाषण केलेल्यांपैकी एकही नव्हतं, मीही नव्हते, मी तेव्हा पाहुण्यांना सोडायला गेटपर्यंत गेले होते.

तेव्हा महोत्सव बंद करू नका, त्यातला स्टेज, पाहुणे आणि दीड लाख काढून टाका आणि तारीख मेमध्ये आणा. नकाशा शक्यतो फ्लेक्सवर छापू नका, उन्हात त्यावर टिकल्या धरत नाहीत, साधा जाड कागद घ्या. आणि टिकल्या मोठ्या आणा, आम्ही पहिल्यांदा बारीक आणल्या होत्या, चार फुटांवरून एकही दिसत नव्हती.